बटणावरची चिकटपट्टी

अल्ताफ कुठेही वाजवायला गेला, की यंत्रं मांडायच्या आधी खिशातून चिकटपट्टी काढतो. काळी, कापडी, चार बोटं रुंद. त्याची वायर भिंतीत जिथे जाते तिथल्या बटणावर ती आडवी मारतो आणि वर पांढऱ्या पेनाने लिहितो, 'हात लावू नये. कारण विचारू नये.' मुंढव्याच्या मोठ्या हॉटेलात वाजवायचं असो नाहीतर कुणाच्या मुलीच्या लग्नात, पट्टी आधी. त्याच्या धंद्यातले लोक त्याला 'पट्टीवाला' म्हणतात. तो हसतो.

मी मात्र त्यावर कधी हसले नाही. त्या पट्टीचं कारण मी आहे. आणि दहा वर्षं ते मला एकटीला माहीत होतं, अल्ताफला नव्हतं.

अल्ताफ म्हणजे मन्सूरभाईंचा मुलगा. मंडईच्या मागच्या गल्लीत मन्सूरभाईंचं लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. आमच्या बाजूच्या पेठांमधलं बारसं, मुंज, सभा, गणपती, उरूस, काहीही असलं तरी कर्णे त्यांचेच. कार्यक्रम सुरू होण्याआधी ते माइक हातात घेऊन म्हणायचे, "हॅलो. एक, दोन, तीन. मागे आवाज येतोय का?" एवढंच. पण त्या आवाजात असा काही गोडवा होता की लोक वक्त्याच्या आधीच टाळ्या वाजवायचे. वक्ता चिडायचा.

त्यांच्या जुन्या अँप्लिफायरवर कायम कुंकवाचा टिळा असे. प्रत्येक मंडळ पूजा करायचं आणि एक बोट लावायचं. थरावर थर बसून त्याचा लाल खपलीसारखा डाग झाला होता. मी एकदा म्हटलं, "मन्सूरभाई, ओल्या फडक्याने निघेल ते." तर म्हणाले, "कौशल्याताई, लोकांनी आदराने लावलंय. पुसणारा मी कोण?"

हे वाक्य मला पुढे फार बोचलं.

आमचं बिऱ्हाड सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मी मेसच्या मुलांसाठी पोळ्या करायची, सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. मधल्या खोलीत मुलगा आणि सून. मागची खोली नातवाची, अभिनवची. अभिनव इंजिनिअरिंगला गेला तेव्हा माझ्या मुलाने कर्ज काढून कॉम्प्युटर आणला. पेठेत तेव्हा प्रत्येक घरात एक मुलगा अमेरिकेला जायच्या तयारीत होता आणि प्रत्येक घरात असा एक डबा टेबलावर येऊन बसला होता. आधी त्याला टॉवेल पांघरायचे. मग सुनेने, विजयमालाने, झालर लावून कव्हर शिवलं.

अभिनव त्यावर अभ्यास करणार होता. केला असेल. मला दिसायचा तो त्याच्या शेजारी स्टुलावर बसलेला अल्ताफ. दोघं शाळेपासूनचे. अल्ताफ बी.कॉम. करत होता, म्हणजे कॉलेजात नाव होतं. लहानपणापासून बापाच्या दुकानात वायरी सोलून त्याची बोटं काळी झाली होती, आणि कान असा की रस्त्यावरून गेलेली स्कूटर कुणाची ते न बघता सांगायचा. केबल टीव्ही आल्यावर त्याने कुठल्या तरी चॅनेलवर ते गाणं-नसलेलं गाणं ऐकलं. शब्द नाहीत, पेटी नाही, नुसता यंत्रातून काढलेला ठेका आणि त्यावर सूर येतात-जातात. तेव्हापासून त्याला ते वेड लागलं. कॉम्प्युटरवर तो तेच करू लागला.

मला आधी ते कळेना. मी म्हणायची, "अरे, गाणारा कधी यायचाय?"

"आजी, यात गाणारा नसतो."

"मग लोक ऐकतात काय?"

"वाट बघतात. पुढे काय येणार त्याची."

मग एक दिवस तो पुढच्या खोलीत येऊन माझ्यापाशी उकिडवा बसला आणि घड्याळ लावून माझं लाटणं मोजायला लागला. "आजी, तू मिनिटाला एकशे वीसवर चालतेस. अगदी पक्की. माझा ठेका पण तोच आहे." मी म्हटलं, "मग तू लाट, मी तुझ्या त्या डब्यापाशी बसते." त्याने खरंच सहा पोळ्या लाटल्या. गोव्यापासून गुजरातपर्यंत सगळे नकाशे झाले. मेसच्या मुलांनी तक्रार न करता खाल्ले.

असं चार-पाच वर्षं चाललं. अभिनवला नोकरी लागली, हिंजवडीला बस जायची त्याची. पण संध्याकाळी आला की दोघं मागच्या खोलीत. अभिनव यंत्राचं बघायचा, अल्ताफ सुरांचं. विजयमाला कुरकुरायची. "आई, त्या धमधमीने बरणीतलं लोणचं हलतंय." मी म्हणायची, "मुरेल लवकर."

त्यांनी अकरा गाणी केली होती. त्यातलं एक मन्सूरभाईंचं. म्हणजे अल्ताफने एकदा बापाचा माइकवरचा आवाज चोरून उतरवून घेतला होता. "हॅलो. एक, दोन, तीन. मागे आवाज येतोय का?" तो आवाज त्याने गाण्याच्या सुरुवातीला ठेवला होता आणि मग त्या 'एक, दोन, तीन'वरच ठेका उभा केला होता. मला ऐकवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मन्सूरभाईंना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "भाडं कोण देणार याचं?" आणि रुमालाने डोळे पुसले.

दोन हजार पाच साली, गुढीपाडव्याच्या आधी, मन्सूरभाई गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि संपलं. त्यांच्या आवाजाची दुसरी कुठलीही खूण राहिली नाही. फोटो होते, पण फोटो बोलत नाही. जुबेदाभाभी, म्हणजे अल्ताफची आई, कधी कधी आमच्याकडे यायची, मागच्या खोलीत बसायची आणि अल्ताफला म्हणायची, "लाव रे एकदा." तो लावायचा. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून ऐकायची आणि चहा न घेता निघून जायची.

त्याच वर्षी मुंबईच्या एका गाण्याच्या कंपनीने अकराही गाणी ऐकायला मागवली. दसऱ्यानंतर भेटायचं ठरलं. आणि त्याच सुमाराला कॉम्प्युटरच्या आतल्या त्या तबकडीला, हार्ड डिस्क म्हणतात तिला, घरघर लागली.

आता इथे मला माझ्या माहेरचं सांगावं लागेल. माझे वडील वाशीमकडचे सुतार. खंडेनवमीला आमच्याकडे करवत, पटाशी, वाकस, रंधा, सगळं धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचे आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वडील म्हणायचे, "जे वर्षभर आपल्यासाठी राबतं त्याला एक दिवस निजू द्यावं." एका साली काकांनी ऐकलं नाही, घाईचं काम होतं म्हणून वाकस हातात घेतला आणि पायाचं बोट गमावलं. मी तेव्हा सात वर्षांची. ते बोट मी पाहिलंय. त्यामुळे पुण्यात येऊन पन्नास वर्षं झाली तरी खंडेनवमीला माझं पोळपाट-लाटणं पाटावर असतं आणि मेसच्या मुलांना त्या दिवशी भात.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी अल्ताफने जुन्या तबकडीतलं सगळं नव्या तबकडीत ओतायला लावलं. फार हळू चाललं होतं, कारण जुनी थकलेली. जाताना त्याने कॉम्प्युटरवर एक कागद चिकटवला. मराठीत, मोठ्या अक्षरांत, मुद्दाम माझ्यासाठी. 'आजी, हे बंद करू नकोस. बंद झालं तर परत सुरू होणार नाही. मी दुपारी येतो.'

मी चौथी शिकलेली आहे. वाचता येतं मला. मी तो कागद वाचला.

वाचून काय वाटलं ते खरं सांगते. वाटलं, या पोरांचं एवढं मोठं काम चाललंय, चार दिवसांवर मुंबईची माणसं आलीत, आणि यांचं हत्यार आज विनापूजेचं, विनाविसाव्याचं राहणार? काकांचं बोट डोळ्यांसमोर आलं. वाटलं, पाच मिनिटं बंद केलं तर काय होतंय. मिक्सर नाही का आपण बंद करत. अल्ताफ सांगतो, पण अल्ताफला खंडेनवमी काय कळणार.

हे शेवटचं वाक्य मनात आलं होतं, तेही लिहून ठेवते. झाकायचं कशाला.

सकाळचे नऊ-सव्वानऊ झाले होते. अभिनव ऑफिसला, विजयमाला बँकेत, मुलगा फिरतीवर. मी सोवळ्यात मागच्या खोलीत गेले आणि भिंतीवरचं बटण दाबलं. यंत्राचा आवाज खाली खाली जात थांबला. मी ते फडक्याने पुसलं, हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. "पोरांना यश दे," म्हटलं. पंधरा मिनिटं गेली असतील. मग बटण परत चालू केलं.

आतून टक आवाज आला. मग टक, टक. भिंतीवरची पाल बोलते ना, तसा. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं आली, इंग्रजी. हलेनात. मी परत बंद केलं, परत चालू केलं. टक, टक.

मी फूल उचललं. आणि मग, देव मला क्षमा करो, मी पदराने कुंकू पुसलं. हळदही. रेघांच्या फटीत पिवळं अडकलं होतं ते केसातल्या आकड्याने कोरून काढलं. कागद सुटला होता तो थुंकी लावून परत चिकटवला. आणि पुढच्या खोलीत येऊन तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच तांदूळ होते.

अल्ताफ बाराला आला. काखेत बॅटरीचा डबा होता. यूपीएस म्हणतात, लाइट गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवतो तो. आदल्या दिवशी एका नवरात्र मंडळाची अडचण झाली म्हणून बापाच्या दुकानाचा शब्द राखायला त्याने तो काढून तिकडे दिला होता, एका रात्रीपुरता. तो मागे गेला. मग तो दारात येऊन उभा राहिला. चेहरा राखेसारखा.

"आजी, लाइट गेली होती का गं?"

त्या वर्षी लाइट रोजच जायची. पळवाट त्यानेच मला दिली, आणि मी ती घेतली.

"हो," मी म्हटलं. "गेली होती वाटतं थोडा वेळ."

तो काखेतल्या डब्याकडे बघत राहिला.

पुढचं लवकर सांगते, कारण ते सांगायला मला आवडत नाही. दुरुस्तीवाले झाले, पुण्यातले झाले, मुंबईतले झाले. तबकडी परत फिरली नाही. नव्या तबकडीत अर्धवट तुकडे, कशाचा कशाला मेळ नाही. मन्सूरभाई त्या तुकड्यांत नव्हते. मुंबईच्या माणसांना नाही म्हणून कळवावं लागलं. अभिनव अल्ताफला म्हणाला, माझ्यासमोर म्हणाला, "तुला एक रात्र कळ काढता आली नाही? मंडळाचे स्पीकर जास्त झाले?"

अल्ताफ म्हणाला, "चूक माझीच आहे."

"आहेच तुझी."

मी मध्ये होते. हातात पोळ्यांचा डबा होता. विजयमाला म्हणाली, "आईंना विचारा, त्या घरी होत्या." तर अभिनव म्हणाला, "आजीला काय कळतंय त्यातलं." सगळ्यांनी मला अडाणी ठरवलं आणि मी त्या अडाणीपणाच्या आड लपून बसले. चांगली ऐसपैस जागा होती.

त्यानंतर अल्ताफ आमच्याकडे यायचा थांबला. वर्षाभरात अभिनव अमेरिकेला गेला. जाताना अल्ताफला फोन केला नाही.

अल्ताफने बापाचं दुकान सांभाळलं. कर्णे गेले, मोठे स्पीकर आले. लग्नाच्या लॉनवर, दांडियाला, कंपन्यांच्या वार्षिक समारंभाला तो लोकांची गाणी वाजवायचा. स्वतःचं एकही करत नव्हता. हिंजवडीच्या एका कंपनीच्या समारंभात तो वाजवत होता आणि समोर अभिनव नाचत होता, सुट्टीला आलेला, जुन्या दोस्तांबरोबर. अभिनवनेच मला सांगितलं. "बघितलं त्याने मला. मीही बघितलं." मी विचारलं, "मग?" "मग काय, गाणं संपलं."

अशी सहा वर्षं गेली. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती मी कुणाला बोलले नाही. अल्ताफ माइक तपासताना कधी एक, दोन, तीन म्हणत नाही. टिचकी मारतो, फुंकर मारतो, पण आकडे म्हणत नाही.

मी त्याला सोडलं मात्र नाही. दर खंडेनवमीला डबा घेऊन त्यांच्याकडे जायची. ते तोवर कोंढव्याला राहायला गेले होते. शेंगदाण्याची चटणी, पुरणपोळी. जुबेदाभाभी म्हणायची, "ताई, तुमच्यात आज हत्यार ठेवतात ना? मग हे लाटलं कशाने?" मी म्हणायची, "आदल्या दिवशी केलंय." घरी विजयमाला टोमणा मारायची, "नातू अमेरिकेत आणि माया कोंढव्यात." सगळ्यांना वाटायचं म्हातारी प्रेमळ आहे. प्रेम होतंच. पण प्रायश्चित्त डब्यात भरून नेता येत नाही, झाकण कितीही घट्ट लावलं तरी.

मग दोन हजार अकराच्या सुमारास अल्ताफने परत स्वतःचं करायला घेतलं. घराच्या एका खोलीला आतून गोधड्या आणि अंड्यांचे कागदी ट्रे लावून त्याने स्टुडिओ केला. इंटरनेटवर त्याची गाणी जाऊ लागली. कल्याणीनगरच्या, मुंढव्याच्या मोठ्या जागांवरून बोलावणी आली, आयटीतली मुलं रांगा लावायची म्हणे. मग गोव्याहून बोलावणं, मग परदेशातून. जुबेदाभाभी म्हणाली, "जर्मनीत ऐकतात त्याचं. घरात माझं कोण ऐकत नाही." त्याच्या गाण्यांत मार्केट यार्डातला लिलाव असतो, हातगाडीचं चाक असतं, मंडईतली घंटा असते. सगळ्याच्या तीन-तीन प्रती, तीन वेगवेगळ्या घरांत. आणि बटणावर चिकटपट्टी.

गेल्याच्या गेल्या वर्षी, आषाढात, पेपरात त्याची मुलाखत आली. विजयमालाने मला आणून दिली. "आई, तुमचा लाडका." मी चष्मा लावून, बोट फिरवत, सगळी वाचली. त्यांनी त्याला पट्टीचं विचारलं होतं. तो म्हणाला होता, "माझ्या बेपर्वाईने एकदा माझ्या वडिलांचा आवाज कायमचा गेला. बॅटरीचा डबा मी दुसऱ्या कामाला नेला होता. मुलगा म्हणून ती चूक माझी. आई मला कधी बोलली नाही, पण तेव्हापासून ती माझ्या खोलीत येऊन बसत नाही."

वर मोठा फोटो होता. माझी चूक त्याच्या नावावर छापून आली होती, फोटोसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "आजी, कोंढव्याला कुणाकडे?" मी म्हटलं, "कबुली द्यायला." तो म्हणाला, "मग परतीचं थांबू का?" मी म्हटलं, "थांबू नका. उशीर झालाय तसाही."

अल्ताफ स्टुडिओत होता. मला बघून उठला. "आजी! फोन करायचास, मी आलो असतो." खोलीत छोटे हिरवे दिवे लुकलुकत होते. भिंतीवरच्या मोठ्या बटणावर ती पट्टी होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगवलं नसतं. खंडेनवमी, बटण, हळद, कुंकू, आकडा, सगळं. कागद वाचला होता हेही सांगितलं.

त्याने भिंतीवरच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "किती वाजता?"

"नऊ-सव्वानऊ."

त्याने मनात काहीतरी मोजलं. "अकरापर्यंत झालं असतं."

"अल्ताफ..."

"लाइट गेलीच नव्हती?"

"नाही."

"दहा वर्षं मी..." तो हाताने डोक्यामागे चोळत राहिला, अगदी मन्सूरभाई चोळायचे तसं. मग विचारलं, "अभिनवला माहिती आहे?"

"नाही. आधी तुला सांगितलं."

"त्याला सांगा. आणि अम्मीला सांगा. बाहेर बसलीय. मी नाही सांगणार." मग माझ्यासाठी त्याने दार उघडलं. "आपण निघा आता. सांभाळून जा."

आपण. शाळेत असल्यापासून तो मला तू म्हणायचा. मी आणलेला डबा स्टुलावर तसाच होता. त्याने त्याकडे पाहिलंही नाही.

जुबेदाभाभीला मी ओट्यापाशी सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला वाटायचं, पोराने काम मोठं मानलं आणि बाप लहान. मी त्याला माफ केलं होतं, ताई. माफ करायचं काही नव्हतंच." आणि तोंड फिरवलं. मी चपला हातात घेऊन बाहेर आले, पायात घालायचं सुचलं नाही.

घरी येऊन अभिनवला फोन लावायला सांगितला. तिकडे पहाट झाली होती त्याची. ऐकून तो म्हणाला, "आजी, मी त्याला काय काय बोललो होतो तुला माहितीये." मी म्हटलं, "मी तिथेच होते रे. डबा घेऊन उभी होते." फोन ठेवल्यावर विजयमाला माझ्याकडे बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, "आई, तुम्हाला वाचता येतं हे आम्ही विसरलो होतो."

श्रावण गेला, गणपती गेले. अभिनवने त्याला फोन केला होता. दोघं काय बोलले ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझा डबा जुबेदाभाभीने कुणाच्या तरी हाती घासून परत पाठवला. पूर्वी ती रिकामा कधी पाठवायची नाही, साखर तरी घालायची. या वेळी रिकामा होता. मी तो फळीवर पालथा घातला. आता या वर्षी कोंढव्याला जायचं नाही असं ठरवलं. ज्याला आपलं तोंड नको त्याच्या दारात पुरणपोळी घेऊन उभं राहणं ही दुसरी जबरदस्तीच.

अष्टमीला संध्याकाळी फोन वाजला.

"आजी, उद्या काय करतेयस?"

मला परत 'तू' म्हणाला होता.

"काही नाही. पोळपाट ठेवायचंय पाटावर."

"ते ठेवून ये. सकाळी साडेआठला गाडी पाठवतो. सव्वानऊपर्यंत पोच." आणि फोन ठेवला. सव्वानऊ. मुद्दाम म्हणाला होता. पुण्यात वाढलेलं पोर ते, टोचल्याशिवाय प्रेम कसं करणार.

गेले. स्टुडिओच्या दारात जुबेदाभाभी खुर्ची टाकून बसली होती. आतल्या बाजूला. मला बघून म्हणाली, "या ताई. चपला बाहेर." यंत्रं सगळी चालू होती, दिवे लुकलुकत होते. अल्ताफ भिंतीशी गेला. नखाने चिकटपट्टीचं टोक उचकटलं आणि सर्रकन ओढून काढली. खाली भिंतीचा रंग निघाला.

"सगळ्याच्या तीन प्रती आहेत," तो म्हणाला. "चार वर्षांत हे एकदाही बंद झालेलं नाही. आज झोपू दे. तुझे वडील म्हणायचे ना?"

"तू कर."

"नाही. तू कर. तुला सवय आहे."

जुबेदाभाभी हसली की खोकली कळलं नाही. माझं बोट बटणापाशी गेलं आणि मी ते मागे घेतलं. मी म्हटलं, "अल्ताफ, एकदा बघून घे रे नीट. काही ओतायचं चालू नाही ना?"

"बघितलंय. तीनदा."

मी बटण दाबलं. दिवे एकेक करून गेले. आणि मग जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. खोलीत इतका वेळ एक बारीक घूं घूं होती, ती थांबली. थांबल्यावरच कळलं की ती होती. बाहेर कुणाचा तरी नळ वाहत होता तो ऐकू आला. जुबेदाभाभीने पदर सावरला तेही ऐकू आलं.

मी पिशवीतून करंडा काढला. हळद लावली. कुंकवात बोट बुडवलं आणि तिथेच थांबले. मन्सूरभाईंचा अँप्लिफायर कोपऱ्यात होता, तो मी आधी पाहिलाच नव्हता. जुना, धूळ खाल्लेला, पण वरचा लाल डाग तसाच.

"लावू का?" मी विचारलं.

"लाव," अल्ताफ म्हणाला. "पण या वेळी पुसू नकोस."